खंडेनवमीला न उचललेला पाना

प्रिय अमरसिंह,

'ब्रेकचा लिव्हर मऊ लागला तर बापाला पण गाडी द्यायची न्हाय.' हे तुझं वाक्य. गॅरेजात काम शिकत होतास तेव्हाचं. गिऱ्हाइकाची गाडी घरी आणायचास आणि लिव्हर दाबायला मला बसवायचास. मी वर दाबून धरायची, तू खाली चाकाजवळचं हवा काढायचं निपल सैल करायचास, आणि नळीतून बुडबुडे बाटलीत यायचे. ऑईलमध्ये हवा राहिली की ब्रेक लागत नाही, हे तूच शिकवलंस. माझी बोटं दुखून यायची. 'अक्का, सोड म्हणेपर्यंत सोडायचं न्हाय,' म्हणायचास. शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत जेवायलासुद्धा उठत नव्हतास. वरचं 'प्रिय' त्या अमरसिंहासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

फोन केला की पूर्णिमा उचलते आणि नवरा आंघोळीला गेलाय म्हणून सांगते, भर दुपारीसुद्धा. म्हणून पत्र.

ऋतुराजच्या खांद्याची पट्टी सुटली. हात अजून वर जात नाही. शर्ट मी घालते तेव्हा तो मान फिरवून बसतो. एवढा मोठा मुलगा, आईकडून शर्ट घालून घेतो. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. दसऱ्याला तो तुमच्याकडे सोनं द्यायला आला आणि तू चारचौघांत तुझ्या जुन्या मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातावर ठेवलीस. सगळ्यांनी मामाचं कौतुक केलं. घरी येताना पहिल्याच उतारावर तो उभ्या ट्रॉलीवर आदळला. 'आई, ब्रेक लागलाच न्हाय,' दवाखान्यात एवढंच म्हणत होता. आणि तू तालमीच्या कट्ट्यावर काय म्हणालास तेही माझ्यापर्यंत आलं. 'भाच्याला गाडी दिली, त्यानं विमान समजून उडवली.' हसले म्हणे सगळे. तुझे विनोद नेहमीच रंगतात, दुसऱ्याच्या जिवावर.

गाडी इतके दिवस आमच्या दारात पडून होती. परवा मी सहज लिव्हर दाबला, तर तो थेट मुठीला टेकला. मग तू घरच्या ग्रुपवर टाकलेला खंडेनवमीच्या पूजेचा फोटो काढून बघितला. हँडलवर ब्रेकचा कोरा करकरीत सिलिंडर, त्यावर झेंडूची माळ, आणि खाली पाटावर हळदकुंकू लावलेले तुझे सगळे पाने. सिलिंडर बदललास, नळीत हवा शिरली, आणि ती काढायच्या आधीच पूजेची वेळ झाली. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हे आपल्या आईनंच शिकवलं. तेवढं मला समजतं. दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणे होते, तेही समजतं. मग किल्ली का दिलीस?

खात्री करायला मीच पाना घेऊन बसले. लिव्हरवर शेजारच्या तानाबाई. 'किती दाबू गं, दूध काढायलीस व्हय ह्यातनं?' म्हणत दाबत होत्या. निपलच्या रबरी टोपीवर जुना चिखल वाळलेला, कुणाचं बोटही न लागलेला. ते सैल केलं आणि नळीत नुसते बुडबुडे. अर्धी बाटली ऑईल गेलं तेव्हा कुठं लिव्हर घट्ट झाला. 'म्हंजे पोरगं खरं बोलत हुतं की,' तानाबाई म्हणाल्या.

पोराला मात्र ते पटत नाही. बाटली दाखवली तर म्हणाला, 'ऱ्हाऊ दे आई. मामा असं करणार न्हाय. माझाच हात चुकला असंल.' तू त्याला गाडी शिकवलीस ना, मैदानात, मागं धावत. माझ्या डोळ्यांपेक्षा त्याचा तुझ्यावर जास्त विश्वास आहे. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

अप्पांनी नातवाला रविवारी तुमच्याकडे बोलावलंय, गाडीची वाट लावली म्हणून मामाची माफी मागायला. तो येणार आहे. कपडे इस्त्री करून ठेवलेत. अप्पांना मी काही बोलले नाही. मी सांगितलं तर ते बहीण-भावाचं भांडण ठरेल, आणि पोरगं तरीही स्वतःलाच दोष देत राहील. हे तुझ्याच तोंडून यायला हवं. तो एक हात छातीशी धरून तुझ्या पाया पडायला वाकेल. तो वाकायच्या आधी, अप्पांसमोर, एवढंच म्हण: ब्रेकमधली हवा मी काढली नव्हती. तू म्हणणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी म्हण.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
संयोगिता अक्का