लाल काठ

ता. ३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, म्हणजे तुझी बोलणी खाणं आलंच. इथल्या वस्तुसंग्रहालयात जुनं कापड सांधायचं काम बरं चाललंय. पण परवा टेबलावर एक जाडाभरडा सदरा आला आणि त्याच्या काठाला आपला लाल धागा! डावीकडे वळवलेली गाठसुद्धा तीच, जी तू माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलीस.

आत्या, सदरा समुद्रापलीकडच्या वसाहतीतल्या उसाच्या मळ्यावरच्या गुलामाचा आहे. ज्यांचे पूर्वज तिथे राबले, त्यांतल्या एक आजीबाई इथे येतात. त्या सांगतात, मळेवाल्यांनी आपल्या गावाकडून हा धागा मुद्दाम घालून घेतला होता. पळालेला माणूस लांबून ओळखू यावा म्हणून. आपण तो शोभेचा समजत आलो. आता तरी विणू नकोस ना.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी खारू

ता. १९ मार्च

चि. खारूस अ. उ. आ.

चार बुकं शिकलीस ती आमच्या तोंडाला काळं फासायला का गं? माझ्या आज्यानं, बापानं याच काठावर घर चालवलं. गावाच्या कमानीवरसुद्धा तोच रंगवलाय. कुठल्या परक्या म्हातारीचं ऐकून मी गावाची इभ्रत उसवू होय?

डोळ्यांना जप. रागावले तरी आत्याच आहे.
तुझी आत्या

ता. क. तो सदरा केवढा आहे?

ता. २ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चार-पाच वर्षांच्या मुलाचा. कोपरांना ठिगळं आहेत, कुणीतरी मायेनं लावलेली.

खारू

ता. २८ ऑगस्ट

चि. खारूस अ. उ. आ.

तुझं उत्तर आलं त्या दिवसापासून मी काठ कोरा ठेवला. दुकानदारानं कापडाचं ठाण परत पाठवलं. म्हणाला, लाल काठ नाही तर हा आपल्या गावचा मालच नव्हे. मागावरच्या बायकांना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, गाडलेली मढी कशाला उकरता, आमच्या पोटाचं बघा. शेवटी तुझ्या भावानं कारभार हातात घेतला. मला खुर्ची दिली, माग नाही. लाल धागा पुन्हा चालू झालाय. मला फार हरल्यासारखं वाटतं गं.

तुझ्या वहिनीला मुलगा झाला. नाक थेट तुझं, बिचारा! दवाखान्यातून आणताना तुझ्या भावानं त्याला आपल्याच नव्या कापडात गुंडाळलं होतं. काठ हनुवटीखाली आलेला. मी सोडवायला हात पुढे केला. तुझ्या भावालाही सगळं सांगून झालंय, तरी तो हसून म्हणाला, राहू दे आत्या, कुठेही गेला तरी आपला म्हणून ओळखू येईल.

मी हात मागे घेतला.

माया करत राहा. आता तेवढंच मागते.
तुझी आत्या