पाय धुऊन उठताना

आई, आज डॉक्टरीणबाईंनी माझं ब्लड प्रेशर दोनदा मोजलं. एकदा झोपवून, एकदा उभं करून. उभं राहिल्यावर ते बरंच उतरलं. "मनाच्या उदासीवरच्या गोळ्यांनी होतं असं काही जणांना. डोस कमी करून बघू," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एवढंच. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि मला तुझाच राग आला. तेव्हा तू माझ्या थोबाडीत दोन का दिल्या नाहीस?

तुझ्या गोळ्या परभणीच्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. त्याआधी सहा महिने तू चुलीपुढे नुसती बसून असायचीस, भाकरी करपली तरी हलायची नाहीस. विद्यापीठाच्या नामांतरावरून एसटी कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, म्हणून बाबा महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणायचे. हळूहळू तू बोलायला लागलीस, माझ्या वेणीवरून टोमणे मारायला लागलीस. तोंड मात्र कोरडं पडायचं, छातीत धडधडायचं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, झटकन उठायचं नाही, त्रास वाढला तर लगेच दाखवायला यायचं.

मग मानवतला माझं लग्न. सासूबाई आणि त्यांच्या चार जावा पाटांवर बसल्यात. तू उकिडवी बसून एकेकीचे पाय धुते आहेस, पुसते आहेस, हळदकुंकू लावते आहेस. पाचवीचं झालं, तू घाईनं उठलीस आणि तांब्यासकट आडवी झालीस.

"फेफरं हाय का बाईला? आदी सांगायचं की!" सासूबाई म्हणाल्या.

"उपास हाय तिचा," म्हणून बाबांनी वेळ मारून नेली.

आतल्या खोलीत मी, हळद लागलेली नवरी, तुझ्यावर ओरडले, "लगीन मोडायलीस का माझं? बंद कर त्या गोळ्या."

तू ओल्या पदरानं तोंड पुसलंस. "बरं. मंग कवा चालू करू?"

"मी सांगते."

मी सांगितलं नाही. दिवाळसणाला तू पुन्हा विचारलंस, भांडी घासता घासता, मान वर न करता. तू परत गप्प होत चाललीस हे मला दिसत होतं. पण ओसरीवर नवरा आणि दीर बसले होते. "राहू दे गं इतक्यात," मी म्हणाले. संक्रांतीनंतर तू अंथरूण धरलंस, अन्न सोडलंस आणि उन्हाळा लागायच्या आत गेलीस.

हे पत्र कुठं धाडणार? तरी एक कबूल करते. त्या गोळ्यांनीच तुझं काळीज बिघडवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. बाबा मरेपर्यंत त्या डॉक्टरांना शिव्या देत राहिले. तुझ्या पेटीत, लुगड्यांखाली, माझ्या लग्नापासून बाबांनी आणलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं मला न फोडलेली सापडली होती. बाबा घरात यायच्या आत मी ती चुलीत घातली.