पंधरावं मत

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. यंदाही येणार नाहीस, कारण एका विमानप्रवासाने हवेत किती धूर जातो ते तू मांडून दाखवलं आहेस. मी दोनदा वाचलं. गेल्या वर्षी शाश्वत विकासाच्या पाच परिषदांसाठी तू पाच देशांत जाऊन आलीस, त्या विमानांतून बहुधा अत्तर फवारत असावेत. आईकडे येणारं विमान तेवढं पृथ्वी तापवतं. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी असलं गणित पाहिलं असतं तर तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं. चार वर्षं झाली तू या घरात पाऊल टाकून. असो. मी चिडलेली नाही.

इथली बातमी अशी, की तुझा शाश्वत विकास आता आमच्या गच्चीपर्यंत आला आहे. आपल्या इमारतीचे अध्यक्ष, ज्यांना तू लहानपणी घोरपडकाका म्हणायचीस, त्यांना कोणीतरी सांगितलं की सौर पॅनल बसवले की जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप उन्हावर चालतात. सभा भरली, चहा झाला, टाळ्या पडल्या. पॅनलना जागा हवी म्हणून दुसऱ्याच दिवशी गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काढून टाकल्या. मग प्रत्येकाच्या वर्गणीचा आकडा कळला आणि टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले. पॅनल आले नाहीत, दोऱ्या मात्र गेल्या. घराघरांत खुर्च्यांच्या पाठींवर ओल्या चादरी लोंबू लागल्या. शेवटी चार बिऱ्हाडांनी कपडे वाळवायची विजेची यंत्रं आणली. म्हणजे सूर्याला कामाला लावायचं म्हणून, जे काम तो चाळीस वर्षं बिनबोभाट करत होता, ते आधी त्याच्याकडून काढून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर मला म्हणतो कसा, काकू, आता पॅनल घ्यायलाच हवेत, त्या यंत्राचं बिल फार येतं हो. एवढी वर्षं शिकून माणूस असा तयार होतो.

पाणीखात्यात तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकल्या. गळका नळ दुरुस्त करायला पैसे पडतात म्हणून दहा वर्षं वाढीव बिल भरणारी माणसं पाहिली, आणि वर तीच माणसं टेबलावर मूठ आपटायची. तेव्हा खर्चाला भिऊन हात बांधून बसणं म्हणजे काटकसर नव्हे, हे मला कोणी शिकवायला नको. माझा विरोध पॅनलना नव्हता, बावळटपणाला होता. सांगाडा डोक्याच्या वर उंच उभा करा, खाली दोऱ्या बांधा, वारा कपडे वाळवील, एवढं साधं मी पहिल्याच सभेत सांगितलं होतं. पण तेव्हा चहा आला होता.

गेल्या रविवारी पुन्हा सभा झाली: पॅनल उंच सांगाड्यावर घ्यायचे, की नुसत्या दोऱ्या परत बांधायच्या. सात घरं बाजूने, सात विरुद्ध, आणि उरलेलं पंधरावं घर माझं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टर म्हणाला, काकू, खर्च भरून निघायला नऊ वर्षं लागतील, तेव्हा तुम्हाला तसा काही... आणि पुढचं त्याने गिळलं. मी म्हटलं, बोल बाबा, तुझ्या खुर्चीत बसून आम्ही तोंड उघडतोच की. सगळे हसले. मीही हसले, पण मनातल्या मनात त्र्याहत्तरात नऊ मिळवून झाले होते.

मग मला तू आठवलीस. तुझ्या शिक्षणापायी मी एकाच चपलेला तीनदा टाच लावून घेतली. फायदा कोणाला, तर साऱ्या जगाला. माझ्या वाट्याला रविवारचा बारा मिनिटांचा फोन, त्यातली चार मिनिटं आवाज येतोय का, आवाज येतोय का यात जातात. तरी तो खर्च वाया गेला असं मला एकदाही वाटलेलं नाही. फळ दुसऱ्याच्या ताटात पडलं तरी झाड आपणच लावलेलं असतं. तुझ्या अहवालात हे कुठल्या पानावर आहे ते माहीत नाही.

तरीही मी हात वर केला नाही. उठून सांगितलं की खर्च किती, फायदा कोणाला आणि कधी, हे जाणत्या माणसाकडून समोरासमोर ऐकल्याखेरीज माझं मत मिळणार नाही. आणि अख्ख्या जगाला हेच समजावत फिरणारी एक बाई माझ्या माहितीची आहे. घोरपडकाकांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला. निमंत्रण सोबत जोडलं आहे, त्यावर शिक्का आणि दोन सह्या आहेत, तुझ्या ऑफिसात दाखवता येईल. पुढच्या महिन्याची वीस तारीख. प्रतिनिधी पंधरा, सगळे भांडखोर. उतरायची सोय तुझ्याच खोलीत, गादीला ऊन दाखवून ठेवते. ही परिषदच आहे, चिमणे, आईला भेटणं नव्हे, तेव्हा तुझ्या तत्त्वाला कुठे धक्का लागत नाही. तू येईपर्यंत मी मत देणार नाही, आणि मी मत देईपर्यंत यंत्रं नसलेल्या अकरा घरांचे कपडे ओले आहेत.

मत राखून ठेवलेली,
तुझीच आई