घाम येईनासा झाला

६ सप्टेंबर १९५६
किती दिवसांत घाम नाही, हातांची थरथर नाही! इन्सुलिन सुरू झाल्यापासून हा जाच मागे लागला होता — जेवायला जरा उशीर झाला, अंगातली साखर उतरली, की दरदरून घाम, हात लटलट. मग असू तिथे खिशातली साखर तोंडात टाकायची. आता काही नाही. पद्माला म्हटलं, रोगानं हात टेकले! ती हसली नाही. आमच्या बायकोला आनंदातही खोट दिसते.

कचेरीत एकच विषय — भोपाळ. नवं राज्य होणार, इथलं सचिवालय तिकडे जाणार. मला नाही जायचं.

२७ सप्टेंबर
दादांचं, म्हणजे वडिलांचं श्राद्ध. सवयीनं सकाळीच इंजेक्शन घेऊन बसलो — गाढवपणा! गुरुजी फूलबागेकडचं दुसरं श्राद्ध उरकून आले, तोवर दुपार टळली. ब्राह्मण जेवल्याशिवाय यजमानानं खायचं कसं? मला तर बरं वाटत होतं. भूकसुद्धा नव्हती.

पिंड वळायला घेतल्याचं आठवतं. नंतर एकदम — मी चटईवर, ओठांना साखर, पद्मा रडतेय.

"अहो, पिंड खायला लागलात तुम्ही! गुरुजींनी हात धरला तर त्यांना ढकललंत."

मी? दादांचा पिंड?

२९ सप्टेंबर
डॉक्टर दौलतसिंहांना मोठ्या ऐटीत सांगितलं, घाम थांबलाय. ते गंभीर झाले. "ये अच्छी खबर नहीं है, पंडितजी. शुगर तो अब भी गिरती है. बस, आपको पता नहीं चलता." इन्सुलिन थोडं कमी केलं. निघताना पद्माकडे बघून म्हणाले, "इन्हें अकेला मत छोड़िएगा."

म्हणजे मला कळणारच नाही. कधीच.

३ ऑक्टोबर
झोपायची भीती वाटते.

९ ऑक्टोबर
भोपाळच्या यादीत माझं नाव! तिथे घरं नाहीत, बायकामुलांना नंतर न्यायचं म्हणे. एका खोलीत परकी माणसं. मी गप्प पडलो तर म्हणतील, थकलाय, झोपू द्या. पद्मा म्हणाली, "नोकरी गेली तरी बेहत्तर. एकटे जायचं नाही." साहेबांना सगळं सांगायचं ठरलं. ते दौऱ्यावर आहेत.

१६ ऑक्टोबर
साहेब भेटले! जेवणाच्या सुट्टीतच बोलावलं, डबा तसाच राहिला. बाहेर बराच वेळ बसवलं. आत काय काय बोललो ते नीट ध्यानात नाही, घाबरलोच होतो. पण माणूस भला. पाठीवर हात ठेवला, चहा पाजला, म्हणाले, तुमच्या मनासारखं होईल. काम झालं! पद्मानं देवापुढे दिवा लावला.

१७ ऑक्टोबर
शेजारच्या टेबलावरचे रघुनाथराव घरी आले. दारातूनच ओरडले, "बळवंतराव, मान गए तुम्हाला! सगळे रडतायत, आणि तुम्ही साहेबांना म्हणालात, मला सगळ्यांच्या आधी पाठवा, मी एकटाच जातो!"

यातला एक शब्द मला आठवत नाही. पहिली तुकडी शनिवारी निघते आहे.