तपकिरी म्हणजे नानांची तपकीर

प्रिय शकू,

तू गेल्यापासून घाटकोपरच्या आपल्या घरात आई-नाना तुझं नावही काढत नाहीत. आज मात्र मुलुंडच्या शाळेत, भरल्या वर्गात ते माझ्या तोंडून निघालं. घोड्याचा धडा चालला होता. पहिल्या बाकावरच्या लताने विचारलं, "बाई, तपकिरी रंगाला तपकिरी का म्हणतात?" दुसरं काय सांगणार होते गं? ते मला तूच तर शिकवलंस! म्हणून आज हे पत्र.

चौथ्या वर्षी तुला देवी आल्या आणि तुझे डोळे घेऊन गेल्या. मी तेव्हा दहाची. पाहिलेले रंग तू विसरत गेलीस. लाल कसा, हिरवा कसा, सारखं विचारायचीस. "लाल म्हणजे जास्वंदीसारखा," मी म्हणायचे. "मग जास्वंद कशी दिसते?" झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुढे एकदा मी मोठ्याने वाचत बसले होते. 'तपकिरी' हा शब्द आला आणि तू ओरडलीस, "थांब! म्हणजे नानांच्या तपकिरीचा रंग?" मी मॅट्रिकच्या वर्गात, पण तो शब्द कधी असा उघडून पाहिला नव्हता. नाना खुर्चीत पेंगत होते. त्यांच्या खिशातली डबी काढलीस, चिमूट बोटांत चोळलीस, नाकाशी नेलीस आणि ओळीने सात शिंका! नाना दचकून उठले. "अगं, काय चाललंय काय?"

"नाना, हा रंग मला आला!"

मग तू विणकाम शिकलीस. शेजारच्या वैद्यकाकूंनी काकांसाठी तपकिरी स्वेटर सांगितला. तुझं पहिलंच बाहेरचं काम. एका बाहीला मी चुकून हिरव्या लोकरीचा गुंडा दिला. बाही अर्धी झाल्यावर लक्षात आलं. पण तू इतकी खुशीत होतीस, की मी गप्प बसले. का बसले, शकू? दुसऱ्याच दिवशी काकू आल्या आणि बोलून गेल्या, "अगं, ही बाही हिरवी कशी?"

त्या गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "ताई, मला दिसत नाही. तूही सांगितलं नाहीस, तर मी विचारू कुणाला?"

अख्खी बाही उसवलीस. चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस, पण स्वेटर पुरा केलास. काका तो घालून मुद्दाम तुला दाखवायला आले. तुझी माफी मात्र मागायची राहूनच गेली. वाटलं, मागू सावकाश. त्याच वर्षी टायफॉइडने तुला नेलं. एवढी कसली घाई होती गं?

आज वर्गाला फक्त डबीची आणि शिंकांची गोष्ट सांगितली. पोरी पोट धरून हसल्या. घंटा झाल्यावर लता मागे थांबली. "बाई, माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमलापण दिसत नाही. आई तिला बाहेरच सोडत नाही."

मी तशीच तिच्याबरोबर घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, "तिला शिकवून काय उपयोग, बाई? तिला काय कळणार?"

तेवढ्यात आतून कुसुमचा आवाज आला, "बाई, तुमच्या पातळाचा रंग कुठला?"

"राखाडी," म्हटलं, आणि आत जाऊन चुलीतली गार राख तिच्या तळव्यावर ठेवली. बराच वेळ ती चोळत राहिली. "राखेचा राखाडी होय! मऊ आहे. तुम्हाला छान दिसतो?"

'हो' म्हणणारच होते, पण ती हिरवी बाही आठवली. मग म्हटलं, "नाही गं. मला मुळीच शोभत नाही."

कुसुम खदखदून हसली. तिची आई तिच्याकडे बघतच राहिली. मग हळूच मला म्हणाली, "रविवारी परत याल का?"

जाणार आहे, शकू. दर रविवारी जाईन. जूनमध्ये अंधांच्या शाळेत तिचं नाव घालायला तिच्या आईला राजी करीन. आणि वाईट वाटेल म्हणून त्या पोरीपासून काही म्हणजे काही लपवणार नाही. तुला शब्द देते.

तुझीच,
ताई