भिंतीकडे तोंड केलेल्या बाटल्या

३ तारीख, सोमवार
पन्नाशी उलटल्यावर नवी नोकरी! प्रयोगशाळेत नोंदी ठेवायच्या. जन्मभर संस्कृत शिकवून कंठशोष झालेल्या मला हे बाटल्यांतले बुरशीरूप विद्यार्थी फार आवडले. एकही उलट उत्तर देत नाही. प्रमुख बाईंनी समजावलं, की प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत असते. झाडाची निराळी, बुरशीची निराळी, आणि ती विरघळवणारा रसही प्रत्येकीचा निराळा. बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, गुरुजी, इथला चहा प्या, पण कशात उकळला ते विचारू नका.

फळीवरच्या काही बाटल्यांची लेबलं भिंतीकडे वळलेली होती. गबाळेपणा मला सोसत नाही. सगळी सरळ केली. त्यातलीच एक मावशींना धुवायला दिली आणि क्रमांक वहीत टिपला. बाईंनी माझ्या टेबलाच्या टापटिपीचं चारचौघांत कौतुक केलं.

५ तारीख, बुधवार
इथली पद्धत आज कळली. लेबल भिंतीकडे म्हणजे बाटली उघडायची नाही, तशीच भट्टीत टाकायची. लेबलं कोणी फिरवली, म्हणून बाई कडाडल्या. बोलणी मावशींनी खाल्ली. मी चष्मा पुसत राहिलो.

मग वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलं.

७ तारीख, शुक्रवार
मावशींची बोटं बटाट्याच्या सालीसारखी झाली आहेत. आता घासणी नको, म्हणून त्याच हसल्या. बाई म्हणतात, कोणती बाटली ते कळलं तर आजच योग्य रस लावता येईल. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या कुणाची चुगली करत नाहीत. माझं मीच सांगावं.

सोमवारी सांगेन.

१० तारीख, सोमवार
साल कोपरापर्यंत. वल्कलं नेसणारे ऋषी मी वर्गात किती रंगवून सांगायचो! बाईंनी अंदाजाने एक रस लावला. साल खांद्यापर्यंत चढली.

सांगितलं नाही.

११ तारीख
मावशींचे ओठ सालीखाली गेले. नाकाने श्वास चालू आहे. डोळे उघडे — माझ्यावरच.

१२ तारीख
बाईंच्या दारापर्यंत गेलो. बाटलीला हात लावला होता का, असं त्यांनीच विचारलं. मान नकारार्थी हलली. माझीच मान. घरी आरशात पाहिलं — ओठांच्या कडेला तपकिरी पापुद्रा —

१३ तारीख
तोंड उघडत नाही. बोटं वाकत नाहीत. लिहून ठेवतो — बाईंना द्या — मावशींचा दोष नाही — बाटली मी दिली — पान मी जाळलं — क्रमांक पाठ आहे — तीन आकडी — पहिला चार — दुसरा