मानेला झटका देण्याआधी

बाबा,

बेसा भागातल्या, झटके देऊन मान मोकळी करणाऱ्या कायरोप्रॅक्टरची आजची वेळ मी रद्द केली आहे. त्यांना दाखवायला तुमच्या मानेचा एक्स-रे शोधला, तर तुम्ही तो कापून साडीच्या बुट्ट्यांचा साचा केलेला! हातमाग विकून सहा वर्षं झाली, बाबा.

मी दवाखान्यातून दुसरी प्रत आणायला जाते आहे. "काहून घाबरून राहिली वं, दोन झटक्यांत मान मोकळी होते," असं तुम्ही म्हणता. पण हाडं ठिसूळ आहेत, रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे, हे त्यांना सांगितलंत का? आधी हाडांचे डॉक्टर बघतील. तोवर मानेला कोणी हात लावायचा नाही.

हात सुन्न पडत नाही म्हणता. मग फुटलेला कप कुंडीमागे कोणी लपवला?

ऋतुजा